देखणं पिस्तूल आणि चेंबरमधली गोळी

सध्या पोस्टिंग बंगालमध्ये आहे, हुगळीच्या काठी. सियालदहहून निघालेली लोकल बराकपूर आणि पलता मागे टाकते, की पुढचं स्टेशन इशापूर. इथले लोक 'इछापूर' म्हणतात. फौजेत चार वर्षं काढलेल्या माणसाला हे नाव वेगळं सांगावं लागत नाही. त्याने हातात घेतलेल्या कुठल्या ना कुठल्या हत्यारावर 'आर.एफ.आय.' ही तीन अक्षरं असतातच. रायफल फॅक्टरी, इशापूर.

मागच्या महिन्यात आमच्याकडे एक नवा लेफ्टनंट आला. नाशिकचा पोरगा, एनडीएचा. माझ्यानंतर वीस-एक वर्षांनी त्याच सुदान ब्लॉकसमोर घाम गाळून आलेला. त्याला पिस्तूल द्यायचं होतं म्हणून मीही कोतमध्ये गेलो. कोत म्हणजे आमचं शस्त्रागार. टेबलावर हिरवी सतरंजी अंथरून हवालदाराने चार पिस्तुलं ओळीने मांडली होती. पोराचा हात सरळ तिसऱ्याकडे गेला. त्याचा काळा रंग अजून शाबूत होता आणि कडा कुठेही घासलेल्या नव्हत्या.

"का रे, हेच का?" मी विचारलं.

"सर, सगळ्यांत देखणं हेच आहे."

मला हसू आलं, कारण २००३ साली मीही हेच केलं होतं. त्या देखणेपणापायी एका माणसाचा जीव जाता जाता राहिला. ती गोष्ट पुढे येईलच. पण त्याआधी हे पिस्तूल आलं कुठून आणि ते असं का दिसतं, हे सांगायला हवं. त्याशिवाय माझी चूक नीट कळणार नाही.

एके काळी अधिकारी आपलं पिस्तूल खरोखरच निवडत असत. ब्रिटिश काळात अधिकाऱ्याने ते स्वतःच्या पैशाने घ्यायचं. अट एवढीच, की सरकारी दारूगोळा त्यात चालला पाहिजे. बहुतेकांच्या कमरेला वेब्ली रिव्हॉल्व्हर असे. ही अट न जुमानणाराही एखादा निघायचा. विन्स्टन चर्चिल १८९६ साली मुंबईला आले तेव्हा ससून डॉकवर उतरताना भिंतीतली लोखंडी कडी धरायला गेले. लाटेने होडी खाली गेली आणि खांदा निखळला. तो खांदा त्यांना जन्मभर पुरला. दोन वर्षांनी सुदानमध्ये ओमदुरमानच्या लढाईत घोडदळाने धडक मारली, तेव्हा सगळ्यांच्या हाती तलवार किंवा भाला होता आणि चर्चिलच्या हाती माउझर पिस्तूल. खांदा तलवार पेलेल याचा भरवसा नव्हता म्हणून. ते माउझर काही नऊ मिलिमीटरचं नव्हतं. देखणं म्हणावं असंही नव्हतं, त्याची मूठ झाडूच्या दांड्यासारखी गोल. पण ज्या माणसाला ज्या कामासाठी हवं होतं, त्यासाठी ते नेमकं होतं.

नऊ मिलिमीटरची गोष्ट सुरू होते ती ऑस्ट्रियन गिऑर्ग लुगरपासून. १९०२ साली त्याने आपल्या पिस्तुलासाठी ९ मिमी व्यासाची गोळी आणि १९ मिमी लांबीचं कवच असलेलं काडतूस आणलं. 'शांतता हवी तर युद्धाची तयारी ठेव' या अर्थाच्या लॅटिन वचनातले शेवटचे दोन शब्द घेऊन त्याला नाव मिळालं पॅराबेलम. आज जगातली बहुतेक सैन्यं पिस्तुलात हेच काडतूस वापरतात. आपली जुनी ९ मिमी कार्बाईनही त्यावरच चालायची.

मेसमध्ये सगळ्यांत देखणं नऊ मिलिमीटर कुठलं, असा वाद निघाला तर निम्मे लोक लुगरचंच नाव घेतील. तिरकी मूठ, बारीक नळी, आणि गोळी सुटली की माणसाच्या गुडघ्यासारखा वर दुमडणारा सांधा. १९०८ साली जर्मन पायदळाने ते स्वीकारलं. पुढे दोन्ही महायुद्धांत शत्रूकडचं लुगर हाती लागणं ही शिपायाला आयुष्यभर सांगायला पुरेल अशी कमाई होती. पण त्या सौंदर्याची किंमत होती. सुटे भाग फार, प्रत्येक भाग घासून घासून बसवलेला. छोट्या छोट्या भागांवरही पिस्तुलाचे आकडे कोरलेले, कारण एकाचा भाग दुसऱ्याला बसेलच असं नाही. सांधा उघडा असल्याने खंदकातला चिखल थेट आत. आणि मॅगझिनमध्ये गोळ्या आठच. कपाटात ठेवायला लुगर फार छान. चिखलात लोळणाऱ्या माणसाला जरा नाजूक.

उरलेले निम्मे लोक, विशेषतः आपल्या फौजेतले, ज्याचं नाव घेतील ते ब्राउनिंग हाय-पॉवर. कोतच्या टेबलावर होतं ते हेच, फक्त भारतीय नावाने: पिस्टल ऑटो ९ मिमी १ए.

जॉन ब्राउनिंग हा अमेरिकेतल्या युटाचा. बाप बंदुका दुरुस्त करायचा, पोरगा त्याच दुकानात वाढला. अमेरिकी सैन्याचं प्रसिद्ध १९११ पिस्तूल त्याचंच. पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच सैन्याला नवं पिस्तूल हवं होतं. मागण्या अशा: मॅगझिनमध्ये किमान दहा गोळ्या, घोडा बाहेर दिसणारा, आणि मॅगझिन काढलं की चाप दाबूनही गोळी सुटता कामा नये. ही शेवटची मागणी लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय. बेल्जियमच्या लीएज शहराजवळच्या एफ.एन. कारखान्याने हे काम ब्राउनिंगकडे दिलं. पण पंचाईत अशी, की १९११ पिस्तुलातल्या त्याच्या स्वतःच्या कल्पनांचे हक्क त्याने आधीच कोल्ट कंपनीला विकले होते. स्वतःच लावलेल्या शोधांना वळसा घालून त्याला नवा रस्ता काढावा लागला.

तो रस्ता पुरा व्हायच्या आत, २६ नोव्हेंबर १९२६ रोजी, लीएजच्या त्याच कारखान्यात काम करता करता हृदय बंद पडून ब्राउनिंग गेला. पिस्तूल अर्धवट राहिलं. ते पुरं केलं त्याच्या बेल्जियन सहकाऱ्याने, दिएदोने सैव्हने. हे नाव फारसं कुणाला माहीत नाही. पण आपल्या फौजेने त्याचं देणं लागावं असा हा माणूस आहे.

सैव्हची पहिली करामत मॅगझिनमधली. तोवर बहुतेक पिस्तुलांत गोळ्या एकावर एक, सरळ एका रांगेत बसत. सैव्हने त्या दोन रांगांत, डाव्या-उजव्या अशा आलटून पालटून बसवल्या. वर येताना मात्र तोंडाशी एकच. तेवढ्याच लांबीत जवळपास दुप्पट गोळ्या. पण दोन रांगा म्हणजे मूठ जाड, आणि मूठ जाड म्हणजे बोटं पुरेनात. त्यात सुरुवातीच्या नमुन्यांची मूठ लांबही होती. १९२८ साली कोल्टचे हक्क संपले, तेव्हा सैव्हने ब्राउनिंगच्या जुन्या चांगल्या गोष्टी परत घेतल्या. मग त्याने गोळ्या कमी केल्या, तेरावर आणल्या. मूठ आखूड केली. तिची मागची बाजू सरळ होती ती तळहाताच्या खळगीत बसेल अशी गोलवली.

हाय-पॉवर देखणं का दिसतं, याचं माझ्या मते उत्तर इथे आहे. त्याच्यावर नक्षी नाही की शोभेचा भाग नाही. स्लाइड पुढे निमुळती होत जाते, मूठ मागे गोल वळते, आणि डोळ्याला जे गोड वाटतं ते खरं तर हाताच्या सोयीसाठी केलेलं आहे. आपल्याकडच्या चांगल्या विळ्याची मूठ किंवा सुताराच्या रंध्याची पाठ पाहा. कुणी ती सुंदर करायला बसलेलं नसतं. काम करणाऱ्या हाताकडे पाहून ती घडलेली असते.

१९३५ साली बेल्जियन सैन्याने हे पिस्तूल स्वीकारलं. ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप केला त्या फ्रेंचांनी मात्र ते घेतलंच नाही, त्यांनी आपलं दुसरंच पिस्तूल निवडलं. पण त्यांनी मागितलेली ती मॅगझिनची अट पिस्तुलात कायमची राहून गेली.

मे १९४० मध्ये जर्मनीने बेल्जियम गिळला. कारखाना त्यांच्या हाती गेला आणि जर्मन सैन्यासाठी तीन लाखांहून अधिक हाय-पॉवर तिथे तयार झाली. सैव्ह इंग्लंडला निसटला. त्याच सुमारास कॅनडात टोरांटोच्या जॉन इंग्लिस कंपनीने हेच पिस्तूल बनवायला घेतलं. एके काळी बॉयलर आणि वाफेची इंजिनं करणारी ही कंपनी युद्धात ब्रेनगन बनवत होती, आणि तिच्या यंत्रांवर हजारो बाया काम करत होत्या. १९४४ पासून तिथे दीड लाखाच्या आसपास पिस्तुलं बनली. म्हणजे एकाच नकाशावरचं पिस्तूल दोन्ही बाजूंच्या कमरेला.

टोरांटोची मूळ मागणी चीनची होती, चँग काय-शेकच्या सैन्याची. त्या पिस्तुलांना ५०० मीटरपर्यंतचे आकडे असलेली मागची माशी होती आणि लाकडी म्यान मागे जोडून बंदुकीसारखं खांद्याला लावायची सोय. पिस्तुलाने ५०० मीटरवर नेम धरणं म्हणजे मोठाच आशावाद! पण हा माल चीनला पोचणार कसा? ब्रह्मदेशचा रस्ता जपान्यांनी तोडलेला. उरला एकच मार्ग, हिंदुस्थानातून: आसामच्या विमानतळांवरून हिमालयाच्या पूर्व टोकावरून विमानाने. वैमानिक त्याला 'हंप' म्हणत. त्या डोंगरांत शेकडो विमानं पडली. आमच्या पूर्वेकडच्या पोस्टिंगला गेलेल्या लोकांना त्या विमानांच्या सांगाड्यांच्या गोष्टी गावकऱ्यांकडून ऐकायला मिळतात.

युद्ध संपल्यावर ब्रिटन, कॅनडा आणि इतर कित्येक देशांनी हेच पिस्तूल ठेवलं. पुढे आपल्याकडे इशापूरला ते बनू लागलं. ब्रिटिशांनी २०१३ साली त्याच्या जागी ग्लॉक आणलं. ग्लॉक पाहिलंय ना? प्लास्टिकची चौकट आणि वर चौकोनी ठोकळा. देखणं कुणी म्हणणार नाही. पण त्याचीही नळी गोळी सुटल्यावर मागचं टोक खाली झुकवूनच कुलूप सोडते. ती युक्ती ब्राउनिंगची. शंभर वर्षांनी चेहरा बदलला, आतली हाडं तीच राहिली.

आता सैव्हच्या देण्याबद्दल. युद्धानंतर याच सैव्हने एक रायफल केली, एफ.ए.एल. ती आपल्याकडे आली ७.६२ एस.एल.आर. म्हणून, आणि तीही बनली इशापूरलाच. १९७१ साली आपलं पायदळ ती रायफल घेऊन लढलं. आमच्या आधीच्या पिढीने तिच्यावर कवायत केली. तिचं वजन आजही कित्येक निवृत्त सुभेदारांच्या उजव्या खांद्याला आठवत असेल. लीएजच्या एका माणसाने कागदावर ओढलेल्या रेघा हुगळीकाठच्या कारखान्यात पोलाद झाल्या आणि आपल्या पोरांच्या हाती आल्या. अधिकाऱ्याच्या कमरेचं पिस्तूल आणि जवानाच्या खांद्यावरची रायफल, दोन्हींच्या मागे डोकं एकच.

आता माझी गोष्ट.

२००३ साली मी लेफ्टनंट होतो, उत्तर काश्मीरमध्ये. पलटणीत पोचलो त्याच आठवड्यात कोतमध्ये गेलो आणि सगळ्यांत चकचकीत पिस्तूल उचललं. कोतचे हवालदार सातारा बाजूचे, पंधरा-सोळा वर्षं नोकरी झालेले. त्यांनी ते माझ्या हातून घेतलं नाही, नुसतं म्हणाले, "साहेब, पोरगी बघाय आलाय का पिस्तूल? तोंड काय बघताय. डोळं मिटा."

मी डोळे मिटले. "आता समोर धरा. उघडा डोळं. माशी कुठाय?" माशी डावीकडे गेली होती. मग त्यांनी दुसरं दिलं. त्याच्या स्लाइडच्या कडा घासून पांढऱ्या झालेल्या, मुठीवरच्या रेघा पुसट. डोळे मिटून धरलं, उघडले, माशी समोरच. हाताला ते आधीपासून ओळखत असावं असं वाटलं. "हे घ्या," ते म्हणाले. "आन् मॅगझिनं सोता बघा. ओठ वाकलेत का, स्प्रिंग दाबतीया का. गोळी मॅगझिन देतंय, पिस्तूल न्हाई."

मी पुन्हा ते चकचकीतच घेतलं. वय तेवीस. कमरेला दिसायला बरं हवं होतं.

तीन महिन्यांनी एका रात्री आम्ही एका गावाची झडती घेऊन परतलो. एका घरात शिरताना मी पिस्तूल कॉक केलं होतं, म्हणजे एक गोळी चेंबरमध्ये गेली होती. काही घडलं नाही, सेफ्टी लावून पिस्तूल म्यानात ठेवलं. परत आल्यावर रिवाज असा, की वाळूच्या खड्ड्यासमोर उभं राहून हत्यार रिकामं करायचं. पाऊस कोसळत होता, मी थकलो होतो, खड्डा टाळून सरळ बंकरमध्ये गेलो. समोरच्या खोक्यावर बसून आमचा रेडिओ ऑपरेटर चहा पीत होता.

मी मॅगझिन काढलं. स्लाइड ओढली नाही. सेफ्टी काढून चाप दाबला. काहीच झालं नाही. म्हणजे रिकामं, असं मी धरून चाललो.

पण ते रिकामं नव्हतं. मॅगझिन बाहेर असलं की हाय-पॉवरचा चाप घोड्याला सोडतच नाही. तीच ती फ्रेंचांची अट. अशा वेळी घोडा खाली आणायचा तर रिकामं मॅगझिन परत घालावं लागतं. मला तेवढंच आठवलं. टेबलावरचं रिकामं मॅगझिन मी खटकन बसवलं, आणि बोट पुन्हा चापावर गेलं.

माझं मनगट कुणीतरी दाबून धरलं आणि नळी जमिनीकडे वळवली. कोतचेच हवालदार. ते गोळ्या मोजून घ्यायला आले होते. आवाज न चढवता म्हणाले, "साहेब, स्लाइड."

मी स्लाइड ओढली. गोळी बाहेर पडली आणि ओल्या मातीवर गडगडत ऑपरेटरच्या बुटापाशी थांबली. त्याने ती उचलून माझ्या हातात दिली. तिच्या बुडाशी 'के.एफ.' अशी अक्षरं होती. खडकी. पुण्याचा दारूगोळा कारखाना, १८६९ सालचा. एनडीएत असताना लिबर्टीवर आम्ही पुण्यात जायचो, त्या गावची ती गोळी. ऑपरेटर लातूरकडचा होता. तो पुन्हा चहा प्यायला लागला. त्याला सगळं कळलं होतं, पण तो काही बोलला नाही. मला तर बोलताच येत नव्हतं.

त्या रात्री झोप लागली नाही. दोष पिस्तुलाचा नव्हता, ते जसं बनवलं होतं तसंच वागलं. ज्यांनी ती अट घातली त्यांचा हेतू चांगलाच होता, सुरक्षेचाच. पण मी तीन महिने ते कमरेला मिरवलं आणि त्याची खोड ओळखून घेतली नाही. सकाळी कोतमध्ये जाऊन ते परत केलं आणि कडा घासलेलं जुनं मागितलं. हवालदारांनी रजिस्टर उघडलं, नंबर लिहिला, माझी सही घेतली. त्या रात्रीबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत, नंतरही कधी नाही. मीच कंपनी कमांडरना जाऊन सांगितलं आणि जे ऐकायचं ते ऐकून घेतलं.

ते जुनं पिस्तूल दोन वर्षं माझ्याकडे होतं. खऱ्या प्रसंगात ते झाडायची वेळ आली नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. घोड्याने अंगठ्याच्या बेचक्यात चावा मात्र बरेचदा घेतला. हाय-पॉवर वापरलेल्या जुन्या लोकांना तो चावा माहीत असेल. एवढ्या सुंदर मुठीतही सैव्हकडून तेवढी एक गोष्ट राहून गेली.

तर, मागच्या महिन्यात इथे कोतमध्ये, नाशिकच्या त्या पोराला मी ही गोष्ट सांगितली. ऑपरेटरच्या बुटापाशी थांबलेल्या गोळीपर्यंत. मग म्हटलं, "डोळे मिट."

त्याने चारही पिस्तुलं एक एक करून धरली. चौथ्यावर थांबला. चौघांत तेच सगळ्यांत घासलेलं. मॅगझिन काढलं, ओठ पाहिले, अंगठ्याने स्प्रिंग दाबली. मग स्लाइड मागे ओढली, चेंबरमध्ये करंगळी घालून पाहिली, आणि मला दाखवलं, "सर, खाली."

मी नळीतून पाहिलं, मग हवालदाराने पाहिलं. रजिस्टरवर सही झाली. बाहेर पडताना पोराने तिसऱ्या पिस्तुलाकडे एकदा वळून पाहिलं. ते मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.